हत्यार मालकाचं, दार मालकाचं

मे २०१३ मध्ये गार्टनर या अमेरिकी सल्लागार कंपनीने एक भाकीत प्रसिद्ध केलं : २०१७ उजाडेपर्यंत निम्म्या कंपन्या कर्मचाऱ्यांना कामाचं उपकरण स्वतःचं आणायला सांगतील. तेव्हा ते फारसं धाडसी वाटण्याचं कारण नव्हतं. खिशातला फोन ऑफिसातल्या कॉम्प्युटरपेक्षा सरस होऊ लागला होता, घरचा लॅपटॉप कंपनीने दिलेल्या जाडजूड डब्यापेक्षा हलका होता, आणि कंपनीचा खर्च वाचत होता तो वेगळाच. आज हिंजवडीत, खराडीत किंवा ऐरोलीत आयटीमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, अनुभव बरोबर उलटा सांगेल. टाइमशीट, रजेचा अर्ज, क्लायंटचा कोड, पगाराची स्लिप ज्या पोर्टलमागे आहे, ते पोर्टल घरच्या लॅपटॉपवर उघडतच नाही. आयडी बरोबर, पासवर्ड बरोबर, फोनवरचा ओटीपीही बरोबर, तरी पडद्यावर उत्तर येतं की हे उपकरण कंपनीच्या व्यवस्थापनाखाली नाही. पुष्कळांना हा आयटी विभागाचा नवा सोवळेपणा वाटतो. इतिहास तसं सांगत नाही. कामाचं हत्यार मालकाचं आणि ते वापरायची जागाही मालकाची, ही कचेरीतल्या कामाची जुनीच रीत आहे. मधली वीस-पंचवीस वर्षं ती सैल पडली, आणि त्या सैल काळातच बहुतेकांची नोकरी सुरू झाल्यामुळे तो काळच नैसर्गिक वाटतो. माझ्या मते हा नियम योग्य आहे, पण एका अटीवर. हत्यारावर ज्याला हुकमत हवी, त्यानेच त्या हत्याराचा खर्च उचलला पाहिजे. ही अट वगळली की तोच नियम अन्यायाचा होतो.

सुरुवात पासवर्डपासून करायला हवी, कारण माणूस ओळखायला पासवर्ड पुरतो ही समजूत आपण फार लवकर स्वीकारली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एकाच यंत्रावर अनेकांना आळीपाळीने काम करू देणारी व्यवस्था दाखवली. तीत प्रत्येकाच्या फायली वेगळ्या आणि यंत्राचा वेळही मोजूनमापून दिलेला, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याचा वेळ कमी पडू लागला, तेव्हा त्याने छिद्रित कार्डावर विनंती घालून पासवर्डांची अख्खी फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम सुरू केलं. पुढे १९६६ मध्ये एका गफलतीमुळे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्डच दिसू लागले. म्हणजे पासवर्ड जन्मापासूनच गळका होता. तरीही तो चालून गेला, कारण त्याच्या अलीकडे आणखी एक अडसर होता, जो कुणी मोजत नसे. यंत्राशी बोलायचं तर बहुधा संस्थेच्या खोलीत, संस्थेच्या टर्मिनलसमोर बसावं लागे. १९७१ मध्ये आयबीएमने आणलेली ३२७० जातीची टर्मिनलं पुढे बँकांत आणि विमा कंपन्यांत पसरली, ती तर निव्वळ पडदा आणि कळफलक. साठवण त्यांच्यात नव्हतीच, त्यामुळे घरी नेण्यासारखं काही नव्हतं. व्यवहार कोणत्या टर्मिनलवरून आला हे मुख्य यंत्राला ठाऊक असे, आणि अमुक व्यवहार अमुक टर्मिनलवरूनच होईल असं बांधूनही टाकता येई. उपकरण ओळखण्याची कल्पना आजकालची नाही ती अशी. त्या काळी ती इतकी स्वाभाविक होती की तिला नाव द्यायचीही गरज पडली नाही.

ती रीत पहिल्यांदा वाकवली ती कर्मचाऱ्यांनीच, आणि त्यांचं कारणही रास्त होतं. १९७९ मध्ये ॲपल टू या छोट्या यंत्रासाठी व्हिसिकॅल्क हा आकडेमोडीचा तक्ता आला. मुख्य संगणक विभागाकडे एखादा अहवाल मागून आठवडेच्या आठवडे वाट पाहणाऱ्या व्यवस्थापकांनी आपल्या खात्याच्या किरकोळ खर्चातून, काहींनी पदरमोड करून, ही यंत्रं टेबलावर आणून ठेवली. १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आल्यावर या घुसखोरीला प्रतिष्ठा मिळाली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आजही कर्मचारी आपलं यंत्र वापरायचा हट्ट धरतो तेव्हा बहुधा कंपनीने दिलेलं यंत्र कामाला अपुरं असतं. मग मोडेम आले आणि टेलिफोनच्या तारेवरून बाहेरचा माणूस यंत्रापर्यंत पोचू लागला. १९८३ मध्ये मिलवॉकी शहरातल्या काही पोरांची टोळी लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेपासून न्यूयॉर्कच्या कर्करोग रुग्णालयापर्यंत कुठे कुठे शिरली, तेव्हा पासवर्डचा गळकेपणा सगळ्यांना दिसला. त्यावर निघालेला एक उपाय मला आजही शहाणपणाचा वाटतो. कर्मचाऱ्याने घरून फोन लावून नाव सांगितलं की यंत्र फोन ठेवून द्यायचं, आणि त्याच्या नावापुढे नोंदवलेल्या घरच्या नंबरवर स्वतः उलटा फोन करायचं. पासवर्ड चोरता येतो, पण नोंदलेल्या घरातली तार चोरणं तितकं सोपं नाही, हा त्यामागचा हिशेब.

भारतात ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली, आणि तिच्यात सुरक्षेपेक्षा कस्टम खात्याचा हात मोठा होता. अंधेरीला १९७३ मध्ये निर्यातीसाठी सीप्झची वसाहत उभी राहिली आणि त्याच दशकात तिथून सॉफ्टवेअरही परदेशी जाऊ लागलं. १९९० मध्ये पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर इथे पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी त्यांची एक संस्था झाली. या योजनेत कॉम्प्युटर आयात शुल्क न भरता आणता येत, पण त्या बदल्यात ऑफिस ही बंधपत्राखालची जागा होई. म्हणजे कागदोपत्री ते कस्टमचं गोदामच. त्यातलं यंत्र परवानगीशिवाय बाहेर नेणं हा कंपनीच्या शिस्तीचा भंग तर होताच, शिवाय तो शुल्क चुकवण्याचाही प्रश्न होता. अधिकृत कर्मचाऱ्याला कामासाठी लॅपटॉप तात्पुरता बाहेर नेता यावा म्हणून नियमांत मुद्दाम सवलत लिहावी लागली. गेटवरचा सुरक्षारक्षक लॅपटॉप उलटा करून खालच्या चिकटपट्टीवरचा अनुक्रमांक वहीतल्या आकड्याशी ताडून पाहतो, या दृश्याला पुण्या-मुंबईच्या आयटीतले जुने लोक सरावलेले आहेत. पुष्कळांना तो रक्षकाचा आगाऊपणा वाटे, पण त्या वहीमागे आयात शुल्काचा कायदा उभा होता. कॉल सेंटर आणि त्या जातीच्या कंपन्यांवर दूरसंचार खात्याची वेगळीच पकड होती. कर्मचाऱ्याला घरून काम करू द्यायचं तर परवानगी, करारनामा आणि एक कोटी रुपयांची अनामत. एखाद्या एजंटाने घरी बसून फोन घ्यावा यासाठी कोटीची अनामत मागणारं सरकार आज हास्यास्पद वाटेल. त्यामागची भीती होती ती इंटरनेटवरून टेलिफोनचे कॉल चोरट्या वाटेने वळवले जाण्याची, म्हणजे महसुलाची. कारण काही असो, परिणाम असा झाला की भारतीय आयटीने यंत्र, जागा आणि जोडणी या तिन्हींवर मालकाचा आणि सरकारचा शिक्का असलेल्या वातावरणात वय काढलं. आपल्याकडे घरचं यंत्र ऑफिसच्या कामाला लावायची मुभा अमेरिकेइतकी कधी रुळलीच नाही, आणि ते केवळ आपल्या कंपन्या संशयी होत्या म्हणून घडलं नाही.

तिकडे अमेरिकेत नव्वदच्या दशकात इंटरनेटने मोडेमची जागा घेतली आणि व्हीपीएन आलं. कल्पना सोपी. घरापासून कंपनीपर्यंत सांकेतिक लिपीतला बोगदा खणायचा, बोगद्यातून जो येईल तो आतलाच समजायचा. जोडीला सिक्युअरआयडीसारखी चावीच्या जुडग्यात अडकवायची डबी, जिच्यावरचा आकडा मिनिटाला बदलतो. या व्यवस्थेत एक चूक शांतपणे शिरली. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी कोणतं यंत्र आहे हे विचारणं बंद झालं. टर्मिनलच्या काळात जो प्रश्न विचारावाच लागत नव्हता, तो आता विचारायला हवा होता आणि कुणी विचारत नव्हतं. २००४ मध्ये जेरिको फोरम या नावाने काही मोठ्या कंपन्यांचे सुरक्षाधिकारी एकत्र आले आणि कंपनीभोवतीची भिंत आता उरलेली नाही असं सांगू लागले. पुढे आयफोन आला, २००८ मध्ये तो ऑफिसच्या मेलशी जोडता येऊ लागला, आणि साहेब लोकांनीच तो जोडून मागितल्यावर आयटी विभागाची नाही म्हणायची प्राज्ञा नव्हती. आयबीएमसारख्या कंपनीने २०१० पासून कर्मचाऱ्यांना स्वतःचे फोन वापरू दिले आणि २०१२ पर्यंत त्यांच्यावर ड्रॉपबॉक्स बंद, सिरी बंद अशी बंधनं घालायची पाळी आली, कारण कंपनीचा मजकूर कुठल्या कुठे साठू लागला होता. गार्टनरचं भाकीत या लाटेच्या माथ्यावरचं.

लाट पुढे फिरली, आणि त्याचं बीज आधीच एका चोरीत पडलं होतं. १२ जानेवारी २०१० रोजी गूगलने जाहीर केलं की चीनमधून झालेल्या हल्ल्यात आपली बौद्धिक संपदा चोरीला गेली असून किमान वीस इतर कंपन्याही या हल्ल्याच्या कक्षेत होत्या. या हल्ल्याला पुढे ऑपरेशन ऑरोरा म्हटलं गेलं. चोर ब्राउझरमधल्या एका त्रुटीतून आत आले आणि एकदा आत आल्यावर आतला म्हणूनच फिरले. त्याच वर्षी फॉरेस्टर या संस्थेतले जॉन किंडरवॅग कुठल्याही जाळ्यावर, अगदी स्वतःच्याही, आंधळा विश्वास ठेवू नका असं मांडत होते. गूगलने हा विचार टोकापर्यंत नेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये बियॉन्डकॉर्प नावाने त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याचा गाभा असा : ऑफिसात बसलात म्हणून जास्त विश्वास नाही, कॅफेत बसलात म्हणून कमी नाही, पण कंपनीच्या अंतर्गत गोष्टी फक्त कंपनीने खरेदी केलेल्या आणि कंपनीच्या देखरेखीतल्या यंत्रावरूनच उघडतील. या एका कलमामुळे त्या आराखड्यातली बाकीची मोकळीक शक्य झाली, हे त्याच्यावर लिहिणारे अनेकदा विसरतात. व्हीपीएन गेलं, भिंत गेली, घरून आणि ऑफिसातून काम करण्यातला फरक गेला, आणि या साऱ्याची किंमत म्हणून यंत्राची ओळख सक्तीची झाली.

ही ओळख पटते कशी, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. आजच्या लॅपटॉपमध्ये टीपीएम नावाची एक छोटी चिप असते. कंपनी यंत्र तयार करताना त्या चिपमध्ये एक गुप्त किल्ली जन्माला घालते, आणि ती किल्ली अशी की चिपच्या बाहेर कधी येतच नाही, कॉपी करता येत नाही. पोर्टल उघडताना समोरचा सर्व्हर एक नवा, याआधी कधी न वापरलेला आकडा पाठवतो. चिप त्यावर आतल्या आत सही करून परत देते. सही जुळली तर हे यंत्र कंपनीच्या यादीतलंच आहे हे ठरतं. मग पुढचे प्रश्न : डिस्क कुलूपबंद आहे का, ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताज्या दुरुस्त्या बसल्यात का, अँटिव्हायरस चालू आहे का. एखादी दुरुस्ती आठवडाभर टाळली तर काल उघडलेलं पोर्टल आज उघडत नाही, आणि मग आयटी सपोर्टला तिकीट. पिंपरी-चिंचवडच्या मशिन शॉपमध्ये काम केलेल्याला यात नवल वाटणार नाही. तिथे कामगाराकडे स्वतःचा उत्तम मायक्रोमीटर असला तरी कॅलिब्रेशनच्या नोंदवहीत नसलेल्या मायक्रोमीटरने घेतलेलं माप तपासणीत धरत नाहीत. त्याच्या प्रामाणिकपणावर कुणी शंका घेत नाही; मापाची हमी द्यायची तर उपकरणाचा इतिहास हाताशी हवा, एवढंच. लॅपटॉपच्या बाबतीतही पोर्टल तुमच्या नीयतीबद्दल काही म्हणत नसतं. तुमच्या घरच्या यंत्रावर गेल्या दोन वर्षांत काय काय बसलं हे त्याला कळायला मार्ग नाही, इतकीच त्याची अडचण.

ओटीपी आहे ना, मग एवढा खटाटोप कशाला, हा पहिला आक्षेप. त्याला गेल्या काही वर्षांतल्या घटनांनीच उत्तर दिलं आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीच्या सर्वांत संवेदनशील किल्ल्या केवळ ४ अभियंत्यांच्या हाती होत्या. चोरांनी त्यांतल्या एकाच्या घरच्या कॉम्प्युटरला गाठलं. त्यावर सिनेमे आणि गाणी लावण्याचं एक सॉफ्टवेअर होतं, ज्यातल्या त्रुटीची दुरुस्ती २०२० मध्येच आली होती आणि त्या यंत्रावर बसवलेली नव्हती. त्यातून शिरून चोरांनी कळफलकावरची प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम बसवला, अभियंत्याने दुसऱ्या पायरीची ओळखही नीट पटवली, आणि त्यानंतर त्याने टाइप केलेला मुख्य पासवर्ड चोरांना मिळाला. ओटीपीने आपलं काम चोख केलं होतं. यंत्रच फितूर असल्यावर त्याचा उपयोग काय? त्याच वर्षी उबरमध्ये झालेल्या घुसखोरीबद्दल कंपनीने सांगितलं की एका कंत्राटदाराच्या वैयक्तिक यंत्राला व्हायरस लागला आणि त्यातून गेलेला पासवर्ड चोराने बहुधा विकत घेतला असावा. पुढे लॉगिनच्या परवानगीचे संदेश फोनवर पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि शेवटी एकाला होकार मिळाला. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या कंपन्यांची माहिती साठवणाऱ्या कंपनीच्या सुमारे १६५ ग्राहकांना धोक्याची सूचना द्यावी लागली, तेव्हा तपास करणाऱ्या मँडियंटला काही पासवर्ड कंत्राटदारांच्या अशा लॅपटॉपांवरून गेलेले दिसले, ज्यांवर गेम आणि चोरीची सॉफ्टवेअरं उतरवली जात होती. त्या प्रकरणात फसलेल्या खात्यांना दुसरी पायरी नव्हतीच, तेव्हा ते उदाहरण एकट्याने फार काही सिद्ध करत नाही. तिन्ही एकत्र ठेवल्यावर मात्र घरच्या यंत्राचा धागा लपत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०२३ च्या अहवालात यशस्वी खंडणीखोर हल्ल्यांपैकी ८० ते ९० टक्के देखरेखीबाहेरच्या उपकरणांतून सुरू होतात असं म्हटलं आहे. देखरेखीचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच विकते, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : कंपनीच्या लॅपटॉपनेही चोरी थांबत नाही. खरं आहे. २०२३ मध्ये ओक्टा या, खुद्द लॉगिनच्याच धंद्यातल्या कंपनीत एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये आपलं वैयक्तिक गूगल खातं उघडलं होतं. कंपनीच्या एका सेवाखात्याचा पासवर्ड त्या वैयक्तिक खात्यात साठला, आणि १३४ ग्राहकांच्या फायलींपर्यंत चोरांचा हात पोचला. त्याहून चक्रावणारं प्रकरण ॲरिझोनातलं. उत्तर कोरियाचे प्रोग्रामर चोरलेल्या अमेरिकी नावांनी नोकऱ्या मिळवत, कंपन्या नियमाप्रमाणे आपले लॅपटॉप अमेरिकेतल्या पत्त्यावर पाठवत, आणि तिथे एका बाईच्या घरात ते चालू ठेवलेले असत. तिकडून प्रोग्रामर दूरवरून त्यांवर काम करत. झडतीत ९० हून अधिक लॅपटॉप सापडले, आणि कोणता कुठल्या कंपनीचा, कुठल्या नावाचा याच्या चिठ्ठ्याही. तीनशेहून अधिक अमेरिकी कंपन्या फसल्या. जुलै २०२५ मध्ये तिला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. इथे चिप खरी, सही खरी, दुरुस्त्याही वेळेवर, आणि माणूस मात्र खोटा. पण यातून नियम चुकीचा ठरत नाही, त्याची हद्द कळते. यंत्र ओळखल्याने यंत्रच ओळखलं जातं. माणूस पारखण्याचं काम मुलाखतीचं, कागदपत्रांच्या तपासणीचं, आणि कामावरच्या वरिष्ठाचं. पूर्वी टर्मिनलच्या खोलीत जो आपसूक दिसायचा तो चेहरा लॅपटॉपला दिसत नाही, आणि दूरवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी हा भाग यंत्रावर ढकलला तिथे त्या फसल्या.

मार्च २०२० हा या इतिहासातला असा टप्पा, जिथे सगळ्या जुन्या गाठी एकदम सोडाव्या लागल्या. १३ मार्चला दूरसंचार खात्याने ती एक कोटीची अनामत आणि करारनाम्याची अट तात्पुरती उठवली. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी. त्या मधल्या दहा-बारा दिवसांत कंपन्यांनी लॅपटॉप मिळेल तिथून उचलले, आणि लॅपटॉप पुरले नाहीत तेव्हा ऑफिसातले डेस्कटॉप, मॉनिटर आणि वायरींच्या भेंडोळ्यांसकट, गाड्यांतून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचते केले. गेटवरच्या ज्या वहीत एकेक लॅपटॉप वर्षानुवर्षं चढत होता, तिच्यातून आता मजलेच्या मजले बाहेर गेले. याचा अर्थ लावताना मला सर्वांत बोलकं वाटतं ते हे की घाईगर्दीतही बहुतेक मोठ्या कंपन्यांनी घरचा कॉम्प्युटर वापरा असं न म्हणता आपलं यंत्र उचलून घरी नेऊन दिलं. क्लायंटबरोबरच्या करारांमुळे त्यांना तसं करणं भाग होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याने नोंदणीची भानगडच संपवली. उरला आयात शुल्काची तशीच माफी असलेल्या विशेष आर्थिक क्षेत्रांचा प्रश्न. जुलै २०२२ मध्ये त्यांच्यासाठी घरून कामाचा नियम आला, त्यात घरून काम करणाऱ्याला उपकरण आणि सुरक्षित जोडणी कंपनीनेच द्यावी असं लिहिलं गेलं, आणि ते उपकरण बाहेर ठेवण्याची मुदत त्या कर्मचाऱ्याच्या परवानगीइतकीच राहिली. या नियमाने इथे नकळत एक न्याय्य गोष्ट केली. हत्यार कुणाचं आणि ते पुरवायचं कुणी, या दोन्ही प्रश्नांना त्याने एकच उत्तर दिलं.

पाळतीचा आक्षेप मात्र सहज झटकता येणार नाही. कंपनीच्या यंत्रात कंपनीचा डोळा बसवणं सोपं असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या बार्कलेज बँकेला कर्मचारी जागेवर किती वेळ काम करतो हे मोजणारं सॉफ्टवेअर गदारोळानंतर मागे घ्यावं लागलं. ते सेपियन्स कंपनीचं होतं, आणि तिचा जन्म पुण्यातला. २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बर्बुलेस्कू या रोमानियन अभियंत्याच्या खटल्यात, मालकाने पुरेशी पूर्वसूचना न देता त्याचे संदेश वाचणं हा खासगीपणाचा भंग ठरवला. टीपीएम चिपची कल्पना पुढे आली तेव्हाच, २००२ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी इशारा दिला होता की असा कॉम्प्युटर मालकाचं सोडून भलत्याचंच ऐकेल. हे आक्षेप मला मान्य आहेत, पण त्यांची दिशा नीट पाहायला हवी. स्टॉलमन यांची भीती त्या यंत्राबद्दल होती, जे तुम्ही विकत घेतलंत आणि हुकूम दुसऱ्याचा पाळतं. कंपनीचा लॅपटॉप कंपनीचं ऐकतो यात विश्वासघात कसला? विश्वासघात होतो तो कंपनी तुमच्या स्वतःच्या फोनवर देखरेखीचं ॲप बसवायला सांगते, त्यावर पिनची सक्ती करते आणि कामाचा मजकूर पुसण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवते तेव्हा. म्हणून पाळतीच्या भीतीने स्वतःचं यंत्र कामाला लावू द्या अशी मागणी करणारा माणूस उलट्या दिशेने चालला आहे. त्या मागणीचं उत्तर म्हणून देखरेख त्याच्या घरच्या यंत्रात येऊन बसते. दोन यंत्रं वेगळी ठेवणं दप्तराला जड असेल, पण खासगीपणाची सर्वांत खात्रीची सोय तीच. कंपनीच्या लॅपटॉपवर काय काय टिपलं जातं हे कर्मचाऱ्याला लेखी सांगण्याची जबाबदारी मात्र कंपनीची, आणि तिथे आपल्याकडे फारच ढिलाई आहे.

राहिला खर्च. छोट्या कंपन्या म्हणतात की प्रत्येकाला लॅपटॉप देणं परवडत नाही, आणि कंत्राटदार म्हणतात की तीन क्लायंटचे तीन लॅपटॉप घेऊन फिरायचं कसं. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. दूरच्या सर्व्हरवर चालणारा डेस्कटॉप आणि कंपनीने बांधून दिलेला ब्राउझर असे मधले मार्ग निघाले आहेत, पण लास्टपासच्या अभियंत्याच्या यंत्रावर बसला तसा कळा टिपणारा प्रोग्राम खाली असेल तर वरचा पडदा कितीही सुरक्षित असून भागत नाही. संवेदनशील कामाला ते पुरत नाहीत, किरकोळ कामाला पुरतात. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये कॉक्रन खटल्यात ठरवलं की कामासाठी स्वतःचा मोबाइल वापरावा लागत असेल तर बिलाचा वाजवी वाटा मालकाने दिलाच पाहिजे, कर्मचाऱ्याला त्यापोटी जादा खर्च आला असो वा नसो. आपल्याकडे लॉगिनचं ऑथेंटिकेटर ॲप कर्मचाऱ्याच्याच फोनवर बसवायला लावणाऱ्या कंपन्या हा प्रश्न मनातही आणत नाहीत. लॅपटॉप आमचाच हवा म्हणणाऱ्याने त्या ॲपऐवजी दोन-तीन हजारांची सुरक्षा किल्ली हातात ठेवायला काय हरकत आहे? नियमाची व्याप्तीही तोलून ठरवायला हवी. क्लायंटचा कोड, ग्राहकांची माहिती, कंपनीचे हिशेब यांच्यापुढे यंत्राची अट असू द्या. पगाराची स्लिप, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, अनुभवाचं पत्र यांना ती लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही, कारण ते कागद कर्मचाऱ्याचे आहेत. मार्चअखेर नोकरी सोडून लॅपटॉप, चार्जर आणि ओळखपत्र जमा केलेल्या माणसाला जूनमध्ये फॉर्म १६ लागतो, आणि तो उघडायला कंपनीचं यंत्र त्याच्याकडे उरलेलं नसतं.